सोरायसिस : समज, गैरसमज आणि उपचार

कोपर, गुडघे, कंबर किंवा डोक्याची त्वचा यांवर लालसर चट्टे उठतात, त्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात आणि कपड्यांवर त्यांचा कोंडा झडू लागतो. एवढे दृष्टीस पडले की घरात रोग्याची ताटवाटी निराळी होते. शाळकरी मूल असेल तर त्याची जागा वर्गाच्या कोपऱ्यात जाते. वास्तविक सोरायसिस हा सांसर्गिक रोग नाही. स्पर्शाने, सहभोजनाने वा एका विहिरीच्या पाण्याने तो पसरत नाही.

हा गैरसमज जुना आहे. युरोपातही अशा रोग्यांची गणना दीर्घकाळ कुष्ठरोग्यांत होत असे. व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ साली हे दोन रोग स्पष्टपणे वेगळे केले. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरील संवेदना बहुधा मंदावते. सोरायसिसमध्ये ती शाबूत असते व पुष्कळदा खाजही सुटते. अर्थात निदान डॉक्टरांनीच करावयाचे आहे.

त्वचेची पेशी तळाशी जन्मून वर येऊन झडेपर्यंत साधारणतः एक महिना जातो. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाडामुळे सोरायसिसमध्ये हे चक्र अवघ्या काही दिवसांत पुरे होते आणि पेशींचे थर साचतात. आनुवंशिकता हे त्याचे एक कारण. घशाचा जंतुसंसर्ग, मानसिक ताण, मद्य व धूम्रपान यांनी तो बळावतो. हिवाळ्यातही अनेकांना त्रास वाढतो.

रोग समूळ नाहीसा होत नसला तरी आटोक्यात राहतो. चट्टे थोडे असल्यास कोलटार, सॅलिसिलिक आम्ल, कॅल्सिपोट्रिऑल किंवा स्टेरॉइडयुक्त मलमे पुरतात. व्याप्ती अधिक असल्यास अतिनील किरणोपचार, पोटात घेण्याची औषधे किंवा महागडी जैविक इंजेक्शने योजली जातात. मात्र "दोन दिवसांत गुण" देणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. त्यांच्या गोळी-इंजेक्शनात स्टेरॉइड असल्यास गुण खरोखरच येतो. ते एकाएकी थांबताच रोग दुप्पट जोराने उसळतो, क्वचित सर्वांगावर पूयुक्त फोड येऊन प्राणावर बेतते.

मेथोट्रेक्सेट या गोळीविषयी विशेष दक्षता हवी. सोरायसिससाठी ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्याने रोगी दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. गर्भवतींना ती वर्ज्य असून, घेणाऱ्याची रक्ततपासणी वेळोवेळी व्हावी लागते. चिठ्ठी वाचता न येणाऱ्या रोग्याला शिक्षकाने वा पंचायत सदस्याने तो वार दिनदर्शिकेवर खूण करून द्यावा. सकाळी सांधे आखडत वा सुजत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावयास हवे. हा रोग सांध्यांतही शिरतो आणि तेथे झालेली हानी भरून येत नाही.