नोव्हायमध्ये मुलांच्या अभ्यासाचा एआय: कशावर किती खर्च करावा?

मिशिगनमधल्या नोव्हायच्या बऱ्याच मराठी घरांत आई-बाबांपैकी एकाकडे चॅटजीपीटी प्लस असतं, महिना २० डॉलर. तेच खातं मुलाला वापरायला देऊ नका. कंपनीच्या अटींत ते बसत नाही, आणि तुमच्या ऑफिसच्या भानगडी नि मुलाचा भूगोल एकाच खात्यात जमा होतो. १३ वर्षांखालच्या मुलांना तर परवानगीच नाही. पुढे १८ पर्यंत पालकांची संमती लागते.

शाळकरी मुलासाठी वर्षाला वेगळे २४० डॉलर मोजावेत असं मला वाटत नाही. खान अकॅडमीचे व्हिडिओ आणि सराव फुकट आहेत, आधी ते पुरतात का बघा. नाहीच पुरले तर त्यांचं खानमिगो हे शिकवणारं एआय साधन महिना ४ किंवा वर्षाला ४४ डॉलरला मिळतं. ‘तीन एक्स अधिक सात बरोबर बावीस’ असं गणित टाकलं, तर ते थेट उत्तर देण्याऐवजी, आधी काय करून बघशील, असं उलट मुलालाच विचारतं. मुलं वैतागतात. पैसे त्या वैतागाचेच आहेत!

निबंधाचं प्रकरण जास्त नाजूक. एआयने लिहिलेलं ओळखणारी साधनं चुकतात. ओपनएआयने स्वतःचं तसलं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेलचे निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी एआयचे ठरवले. नुकत्याच पुण्याहून आलेल्या मुलावर असा आळ आला तर? म्हणून निबंध पहिल्या ओळीपासून गूगल डॉक्समध्येच लिहू द्या. कोणतं वाक्य कधी लिहिलं, कधी खोडलं, याचा इतिहास तिथे फुकट राहतो. एआयचा मजकूर ‘माणसाळवून’ देणाऱ्या अ‍ॅपवर एक सेंटही घालवू नका. कितपत मदत चालेल, हे त्या-त्या विषयाच्या शिक्षकांनाच विचारा. इंग्रजीत चालतं ते इतिहासात चालेलच असं नाही.

एआयने सुचवलेली पुस्तकं कधी कधी अस्तित्वातच नसतात. टेन माइल रोडवरच्या नोव्हाय पब्लिक लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये नाव टाकून खात्री करा.

मूल ॲन आर्बरला शिकायला गेलं असेल, तर मिशिगन विद्यापीठाने २०२३ पासून विद्यार्थ्यांना स्वतःचं यू-एम जीपीटी दिलं आहे. दुसरीकडे असेल तर वर्गणी भरण्याआधी कॉलेज काय देतं ते विचारा.

एखाद्या अ‍ॅपच्या फुकट चाचणीसाठी कार्ड दिलं असेल, तर फोनवरून अ‍ॅप काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करावी लागते.