परिचारिकेचे संभाषण : एका शास्त्राची घडण

रुग्णालयात रोग्याच्या निकट सर्वांत अधिक काळ कोण असते? वैद्य येतो, तपासतो व औषध सांगून जातो. रात्रंदिवस सहवास असतो तो परिचारिकेचा. मनोरुग्णालयात तर या सहवासाला विशेष महत्त्व आहे. तरीही परिचारिकेचे रोग्याशी बोलणे म्हणजे केवळ स्वभावातील गोडवा, असाच समज दीर्घकाळ रूढ होता. हे बोलणे शिकता येते, शिकविता येते आणि त्याचे शास्त्रीय परीक्षणही करता येते, असे प्रतिपादन करण्यात डॉ. हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन विदुषीने आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १९०९ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यातील रेडिंग या गावी एका स्थलांतरित कुटुंबात झाला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तापाने भ्रम झालेली माणसे त्यांनी बालवयातच पाहिली. १९३१ मध्ये परिचर्येची पदविका घेतल्यावर त्यांनी बेनिंग्टन महाविद्यालयात मानसशास्त्राचे अध्ययन केले व १९४३ मध्ये पदवी मिळविली. दुसऱ्या महायुद्धात त्या इंग्लंडमधील सैनिकी मनोरुग्णालयात सेवेस होत्या. युद्धानंतर कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात पुढील शिक्षण व अध्यापन करीत असता त्यांनी आपला मुख्य ग्रंथ सिद्ध केला.

हा ग्रंथ १९४८ च्या सुमारास लिहून पूर्ण झाला होता. परंतु तो प्रकाशित झाला १९५२ मध्ये. सहलेखक म्हणून एखाद्या वैद्याचे नाव नसता केवळ परिचारिकेने असा ग्रंथ लिहावा, हेच त्या काळी अनेकांना मान्य नव्हते. येथे प्रश्न एका पुस्तकाचा नव्हता. परिचारिकेला स्वतःचे असे ज्ञान आहे, की ती केवळ दुसऱ्याची आज्ञा पाळणारी आहे, हा खरा प्रश्न होता.

पेप्लाऊ यांच्या मते परिचारिका व रोगी यांच्या संबंधाला क्रमाने चार अवस्था असतात. प्रथम दोघेही एकमेकांस परके असतात; या अवस्थेत रोग्याची अडचण काय, हे दोघांनी मिळून समजून घ्यावयाचे असते. दुसऱ्या अवस्थेत रोगी आपल्याला साहाय्य करू शकणारी व्यक्ती ओळखतो व तिच्यावर विश्वास टाकतो. तिसऱ्या अवस्थेत तो त्या साहाय्याचा पुरेपूर उपयोग करून घेतो. चौथीत तो त्या आधारापासून मुक्त होऊन स्वतःच्या पायांवर उभा राहतो. रोग्याला आपली गरज उरू नये, यातच परिचारिकेचे यश असते.

चिंतेविषयीचे त्यांचे विवेचनही उपयुक्त आहे. चिंतेच्या त्यांनी चार पायऱ्या मानल्या : सौम्य, मध्यम, तीव्र आणि भयविव्हल. सौम्य चिंतेत मन अधिक जागरूक होते व शिकण्यास अनुकूल असते. चिंता वाढू लागली म्हणजे अवधानाचे क्षेत्र संकुचित होत जाते. भयविव्हल माणसास लांबलचक उपदेश कळतच नाही. त्याच्याजवळ शांतपणे थांबणे व मोजक्या शब्दांत बोलणे हेच हितावह असते.

समजा, एक रोगी खोलीत सारख्या येरझारा घालीत आहे. “काळजी करू नका, सारे ठीक होईल,” असे म्हटल्याने संभाषण तेथेच खुंटते. त्याऐवजी परिचारिकेने विचारावे, “आपणांस अस्वस्थ वाटते आहे काय?” त्याने होकार दिल्यावर, अस्वस्थता वाटू लागण्यापूर्वी काय घडले होते, हे त्याला आठवू द्यावे. असे केल्याने नुसत्या हालचालीतून व्यक्त होणाऱ्या भावनेला शब्द मिळतो आणि तिचे कारण शोधण्याचा मार्ग खुला होतो.

१९५४ ते १९७४ या काळात पेप्लाऊ रटगर्स विद्यापीठात अध्यापन करीत होत्या. मनोविकार-परिचर्येतील तज्ज्ञ परिचारिका घडविणारा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांनी तेथेच सुरू केला. विद्यार्थिनींनी रोग्याशी झालेले संभाषण शक्यतो शब्दशः लिहून काढावे व नंतर शिक्षिकेसह त्याची छाननी करावी, ही त्यांची पद्धती होती. रोगी काय बोलला, याबरोबरच आपण तसे उत्तर का दिले, हेही विद्यार्थिनीला तपासावे लागे. १९७० ते १९७२ या काळात त्या अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या अध्यक्षा होत्या. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतात बंगलोर येथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली व त्याच दशकात तेथे मनोविकार-परिचर्येचे पदविका-शिक्षण सुरू झाले. १९७४ मध्ये या संस्थेचे रूपांतर ‘निम्हान्स’मध्ये झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकांच्या नोंदणीची तरतूद आहे. आपल्या परिचर्या महाविद्यालयांतही परिचारिका व रोगी यांच्या संबंधाचा अभ्यास शिकविला जातो आणि संभाषणाची नोंद लिहून तपासण्याचा सराव विद्यार्थ्यांकडून करून घेतला जातो.

सारांश, सहानुभूती ही परिचर्येची मूळ प्रेरणा खरी. परंतु ती एकटी पुरेशी नाही. आपलेच शब्द पुन्हा वाचून त्यांतील चूक शोधण्याची तयारी जिच्या अंगी असते, तिच्या सहानुभूतीचे सामर्थ्य रोग्याच्या खऱ्या उपयोगी पडते.