नंदीच्या कानात सांगण्याआधी

॥ ॐ नमः शिवाय ॥



*या आठवड्याचा अभ्यास : नंदी*

शंकराच्या देवळात गेलो की आपण आधी नंदीला हात लावतो आणि त्याच्या कानाशी वाकून हळूच मागणं सांगतो. मुलाची नोकरी, लेकीचं लग्न, गुडघेदुखी. आम्हीही सांगितलंय. पण नंदी स्वतः काय मागतो, हा विचार कधी केला नव्हता.

*१) अर्थ*
नंदी म्हणजे आनंद देणारा, आनंदात असणारा. बैलाच्या अंगी केवढं बळ! ते बळ इथे पाय मुडपून, नजर गाभाऱ्याकडे लावून शांत बसलंय. भागवतात धर्मच बैलाच्या रूपाने येतो. तप, शौच, दया आणि सत्य हे त्याचे चार पाय. कलियुगात तो सत्याच्या एकाच पायावर उभा आहे.

*२) तांबडी सुर्ला*
आपल्या गोव्यातलं हे कदंबकालीन महादेवाचं देऊळ बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. मंडपात चार खांबांच्या मधोमध नंदी आहे, पण त्याला शीर नाही. पहिल्यांदा बघून जीव हळहळला. सवयीने पुढे वाकलो आणि थबकलो. कानच नाहीत, सांगणार कुठे? मग त्याच्या मागे नुसतेच बसलो. देवळात बसून काही मागितलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. शीर गेलं तरी त्याची बैठक मोडलेली नाही. साधकाने शिकायचं ते हेच.

*३) नाशिकचे कपालेश्वर*
रामकुंडाजवळच्या या देवळात शिवापुढे नंदीच नाही. कथा अशी : ब्रह्मदेवाचं एक मस्तक छेदल्याने शंकराला ब्रह्महत्येचं पातक लागलं. रामकुंडात स्नान केल्याने ते फिटतं, हे त्याला एका बैलाने दाखवलं. शंकराने नंदीला गुरू मानलं, आणि गुरूला आपल्यापुढे सेवकासारखं कसं बसवायचं? देवसुद्धा शिकायला कमीपणा मानत नाही, मग आपण कोण?

*४) आणि आपल्या दारचा नंदी?*
गोरवांच्या पाडव्याला आपण गुरांना न्हाऊ घालतो, माळा घालतो, गोडधोड भरवतो. दुसऱ्या दिवशी तोच बैल परसात शिरला की काठी उगारतो. शेतात पॉवर टिलर आले, बैलाचं काम गेलं. आता तो रात्री रस्त्यात बसतो, गाडीखाली सापडतो, कचऱ्यातलं प्लास्टिक खातो. भाजीची सालं पिशवीला गाठ मारून आम्हीही फेकलीत, खोटं कशाला सांगू? दगडाच्या नंदीला हार आणि जिवंत नंदीच्या पोटात आमची पिशवी! चार पायांतली दया इथेच मोडते.

*या आठवड्याचा संकल्प* 🌿
▪️ सालं, शिळं अन्न पिशवीत बांधून टाकायचं नाही.
▪️ दाराशी बादलीभर पाणी ठेवायचं.
▪️ सोमवारी देवळात पाच मिनिटं काही न मागता नंदीच्या मागे बसायचं.

*मननासाठी :* आपल्या अंगातलं बळ, म्हणजे राग, हट्ट, बोलण्याची धार, आज कुणाकडे तोंड करून बसलंय?

घरातल्या मुलांना कपालेश्वराची गोष्ट जरूर सांगा.

सद्गुरुचरणी अर्पण 🙏
सेवेकरी भगिनी, मोरजी (पेडणे)