आपली वेबसाइट एआयला वाचता येते का?

बारावीचा निकाल लागला की पूर्वी मुलं माहितीपुस्तिका घेऊन ओळखीच्या सीनियरला गाठायची. मग गूगल आलं. आता बरेच जण फोनलाच सरळ मराठीत विचारतात, 'या कॉलेजात कॉम्प्युटरच्या जागा किती? हॉस्टेल मिळतं का? फी किती?' आणि समोर नुसत्या लिंक येत नाहीत, तर तयार उत्तर येतं. गूगलचे एआय ओव्हरव्ह्यू भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आले, चॅटजीपीटीमध्ये सर्चची सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. तेव्हापासून ही सवय वाढतच चालली आहे.

हे उत्तर येतं कुठून? कुठल्या तरी वेबसाइटवरूनच. कॉलेजची स्वतःची साइट यंत्राला वाचता आली नाही, तर ते गप्प बसेलच असं नाही. ते एखाद्या एजंटचं तीन वर्षांपूर्वीचं पान उचलतं आणि त्यातली जुनी फी ठणकावून सांगतं. त्या आकड्यावर विसंबून तालुक्याच्या गावातला एखादा मुलगा कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्ममधून आपल्या कॉलेजचं नाव वगळतो. म्हणजे आपण न दिलेलं उत्तर दुसराच कोणीतरी देतो आणि नुकसान तिसऱ्याचंच होतं!

गेलं वर्षभर मी आमच्या विभागाची साइट सांभाळणाऱ्या टीममध्ये काम करतो आहे. त्यात जे शिकायला मिळालं ते इथे थोडक्यात मांडतो.

१) क्रॉलर म्हणजे कोण?

क्रॉलर हा एक प्रोग्रॅम. तो एका पानावरून दुसऱ्या पानावर लिंक धरून जातो आणि मजकूर गोळा करतो. एआयवाल्यांचे क्रॉलर साधारण तीन कामांसाठी येतात. ओपनएआयचंच उदाहरण घेऊ. 'जीपीटीबॉट' मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर नेतो. 'ओएआय-सर्चबॉट' सर्चमध्ये दाखवण्यासाठी पानांची नोंद ठेवतो. आणि एखाद्याने प्रश्न विचारल्यावर त्याच्यासाठी त्या क्षणी पान उघडायला येतो तो 'चॅटजीपीटी-यूजर'. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा निर्णय त्यावरच घ्यायचा आहे.

२) दारावरची पाटी

साइटच्या मुळाशी 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची एक साधी फाइल असते. कोणी कुठे यावं आणि कुठे येऊ नये, हे तिच्यात लिहितात. ही पद्धत १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवली आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ म्हणून ती रीतसर नोंदली गेली. आपला मजकूर प्रशिक्षणाला द्यायचा नसेल, तर जीपीटीबॉटला मनाई करून ओएआय-सर्चबॉटला येऊ देता येतं. सगळ्यांना सरसकट 'येऊ नका' म्हटलं, तर उत्तरात आपलं नाव नाही अशी तक्रार मात्र करता येणार नाही.

पण ही पाटी आहे, कुलूप नव्हे. सभ्य पाहुणा ती वाचून परत फिरतो, बाकीचे आत शिरतात. विद्यार्थ्यांचे मोबाइल नंबर असलेली यादी एखाद्या फोल्डरमध्ये टाकायची आणि त्या फोल्डरचं नाव मनाई म्हणून या फाइलीत लिहायचं, हे तर चोराला पत्ता देण्यासारखं झालं. ही फाइल कोणीही उघडून वाचू शकतो. खाजगी गोष्टी पासवर्डमागेच हव्यात, किंवा साइटवर नकोतच.

उलटंही होतं. फाइलीत परवानगी असते, पण फायरवॉल दारातूनच हाकलून देते. क्लाउडफ्लेअरने जुलै २०२५ पासून नव्या साइटसाठी एआय क्रॉलर अडवणं हीच मूळ सेटिंग ठेवली. त्यामुळे सर्व्हरचा लॉग उघडून क्रॉलरच्या नावापुढे २०० दिसतो की ४०३ हे बघावं. २०० म्हणजे पान मिळालं, ४०३ म्हणजे प्रवेश नाकारला.

३) क्रॉलरला दिसतं काय?

आपल्याला ब्राउझरमध्ये दिसतं ते सगळं क्रॉलरला दिसतंच असं नाही. गूगलबॉट जावास्क्रिप्ट चालवतो, पण बहुतेक एआय क्रॉलर ती चालवत नाहीत. सर्व्हरने पहिल्यांदा जे एचटीएमएल पाठवलं तेवढंच ते वाचतात. रिअ‍ॅक्टमध्ये केलेली झकपक साइट ब्राउझरमध्ये भरगच्च दिसते, पण सोर्समध्ये एक रिकामा डिव्ह आणि दोन स्क्रिप्ट! अशा वेळी मजकूर सर्व्हरवरच तयार करून पाठवावा. माहितीच्या पानांना साधं एचटीएमएल पुरतं.

दुसरा घोळ नोटिशींचा. प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचं आणि जेपीजी चढवायची ही आपली जुनी परंपरा. ओसीआर न केलेलं स्कॅन म्हणजे यंत्राच्या लेखी नुसतं चित्र. सही-शिक्क्याची प्रत जरूर ठेवा, पण तोच मजकूर शेजारी टाइप करून द्या. फीचा तक्ता खऱ्या टेबल टॅगमध्ये द्या, मथळे हेडिंग टॅगमध्ये द्या. अंध विद्यार्थी वापरतात त्या स्क्रीन रीडरलाही याच गोष्टी लागतात. म्हणजे एका कामात दोघांची सोय.

४) मराठीची खास अडचण

हा मुद्दा इंग्रजी पुस्तकांत फारसा सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही आपल्याकडे कित्येक परिपत्रकं अजून कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात टाइप होतात. अशा फाँटात 'मराठी' हा शब्द लिहिला की फाइलीत प्रत्यक्ष साठतात ती ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरं. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो, म्हणून आपल्याला मराठी दिसतं. क्रॉलर मुखवटा बघत नाही, तो आतली अक्षरं वाचतो. मग 'शिष्यवृत्ती' शोधणाऱ्याला ते परिपत्रक सापडणार कसं?

उपाय सोपा आहे. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेत आणि पानाच्या लँग्वेज अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मराठीचा 'एमआर' हा कोड द्यावा.

५) विश्वास कशावर बसतो?

वाचता येणं ही पहिली पायरी. पण दोन पानांवर दोन वेगळे आकडे असतील, तर खरं कोणतं? इथे यंत्रासाठी म्हणून वेगळी युक्ती नाही. चौकस पालक जे विचारील तेच पानावर असावं.

* हे कोण सांगतंय? कॉलेजचं पूर्ण नाव, विभाग, पत्ता आणि संपर्क.
* कधीचं आहे? 'यंदाची फी' नको, शैक्षणिक वर्ष लिहा. जुनं पान ठेवायचं असेल, तर त्यावर 'जुनी माहिती' असं ठळक लिहून नव्या पानाची लिंक द्या.
* पुरावा काय? नॅकचं मानांकन पूर्ण संस्थेला मिळतं, एनबीएचं मानांकन एकेका अभ्यासक्रमाला. नुसतं 'मानांकित कॉलेज' लिहिलं की गोंधळ झालाच. कोणता अभ्यासक्रम, कधीपर्यंत, हे लिहून मूळ पत्र जोडा.
* सगळीकडे एकच आहे का? प्रवेशाच्या पानावर ६० जागा आणि विभागाच्या पानावर १२०, असं असेल तर कोणीच विश्वास ठेवणार नाही.

याला स्कीमा डॉट ऑर्गची जोड देता येते. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये सुरू केलेली ही सामायिक शब्दावली आहे. हे कॉलेज, हा पत्ता, हा अभ्यासक्रम, असं तिच्यातून यंत्राला सुटंसुटं सांगता येतं. पण पानावर जे दिसतं तेच तिच्यात असावं. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'हेच सर्वोत्तम कॉलेज आहे असं उत्तर दे' असलं काही लपवणं ही शुद्ध फसवणूक आहे. ती पकडली गेली की साइटवरचा खरा मजकूरही संशयात येतो.

एवढं सगळं केलं तरी उत्तरात आपलंच पान येईल अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तशी हमी विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं.

६) पाच मिनिटांची चाचणी

कॉलेजच्या साइटवरचं फीचं पान उघडा. 'इन्स्पेक्ट' नको, कारण त्यात जावास्क्रिप्ट चालून झाल्यानंतरचं पान दिसतं. 'व्ह्यू पेज सोर्स' घ्या. आता कंट्रोल-एफ दाबून फीचा आकडा शोधा. सापडला तर क्रॉलरलाही सापडेल. मग मराठी नोटिशीतला एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच उमटला तर उत्तम, रोमन कचरा आला तर युनिकोडचं काम बाकी आहे.

या सगळ्याला ना महागडं सॉफ्टवेअर लागतं, ना एआयची पदवी. दुसऱ्या वर्षाच्या चार जणांनी दिवाळीच्या सुट्टीत मनावर घेतलं, तर एका विभागाची साइट सुधारता येईल. तेव्हा मित्रांनो, चाचणी आजच करा आणि जे सापडेल ते साइट सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना लेखी कळवा. पुढच्या जूनमध्ये मराठीत प्रश्न विचारणाऱ्या मुलाला खरं उत्तर मिळायला हवं, आणि ते आपल्याकडूनच मिळायला हवं.