चेंडू येण्याआधी बघ
(भोपाळच्या एका जुन्या हॉकी प्रशिक्षकाचे भाच्याला कानमंत्र)

अरे, लीगमधल्या संघाने तुला पोरं हेरायच्या कामावर घेतलं हे ऐकून ऊर भरून आला. आता तू गावोगावच्या मैदानांच्या कडेला बसशील. तुझ्या वहीतल्या दोन ओळींवरून कुणा पोराचं नाव लिलावाच्या यादीत वर जाईल, कुणाचं येणारच नाही. जोखमीचं काम आहे. इनामुर रहमान, असलम शेर खान, जलालुद्दीन रिझवी, समीर दाद यांच्या या गावात, ऐशबागच्या मैदानावर खेळ बघत आणि शिकवत जे कळलं, ते तुझ्या हवाली करतो.

सांगतो ते मुख्यतः सेंटर हाफबद्दल. गोल मारणारा कुणालाही दिसतो, खेळ चालवणारा ओळखायला नजर तयार करावी लागते. आणि या सगळ्याचं सार एवढंच, की पोराकडे चेंडू नसतो तेव्हा त्याला बघ.

१. मानेवर लक्ष ठेव
चेंडू लेफ्ट बॅककडे असतो तेव्हा सगळं मैदान चेंडूकडे बघत असतं. तू सेंटर हाफच्या मानेकडे बघ. जाणता पोरगा पास मागण्याआधी एकदा खांद्यावरून मागे नजर टाकतो आणि पास निघाल्यावर पुन्हा एकदा. पाठीवर कोण आहे, राइट विंगर मोकळा आहे का, हे त्याला चेंडू येण्याआधीच ठाऊक असतं. त्यामुळे त्याच्या स्टिकवर चेंडू थांबतो तोच पुढच्या पासच्या दिशेने. ज्याने मान वळवलेली नसते तो आधी चेंडू अडवतो, मग डोकं वर काढतो, मग माणूस शोधतो. तोवर दोघं अंगावर आलेले असतात. शाळेच्या सामन्यात एवढा वेळ मिळून जातो, लीगमध्ये मिळत नाही. हातातलं कसब पुढे शिकवता येतं. ही सवय मोठ्या वयात लावणं फार कठीण.

२. चेंडू गमावल्यावरची पहिली तीन पावलं बघ
चेंडू सगळ्यांचाच जातो. गेल्यावर हा पंचाकडे हात करून उभा राहतो, सोबत्यावर ओरडतो, की त्याच क्षणी वळून आपल्या डीकडे धावतो? सेंटर हाफ वर अडकला की मधली वाट उघडी पडते. काही पोरं रागाच्या भरात मागून स्टिक घालतात आणि ग्रीन कार्ड घेऊन २ मिनिटं बाहेर बसतात, तेवढा वेळ संघ १० जणांवर. म्हणून कार्डांचा हिशेब ठेव, आणि कार्ड कशापायी मिळालं तेही लिही. धोक्याच्या जागी नाइलाजाने केलेला फाउल वेगळा, डोकं फिरल्यामुळे केलेला वेगळा.

३. समोर कोण होतं आणि सोबत कोण होतं, ते लिहिल्याशिवाय आकडा लिहू नको
९-० च्या सामन्यात कुणीही शहाणा दिसतो. अकादमीतल्या पोराच्या मागे भक्कम बॅक असतात, पायाखाली टर्फ असतं, त्याला चेंडू निवांत मिळतो. लहान गावचा पोरगा खडबडीत मैदानावर, उसळत्या चेंडूवर, कच्च्या संघात खेळत असतो. त्याचे चार पास वाया गेले, तर पास चुकला की घेणाराच जागेवर नव्हता, ते तपास. मोठ्या स्पर्धा सगळेच बघतात, तू लहान स्पर्धांनाही जा. इटारसीजवळच्या शिवनगर चांदोनचा विवेक सागर प्रसाद २०१३च्या सुमाराला आपल्या विदर्भात, अकोल्याच्या एका स्पर्धेत अशोककुमारांच्या नजरेला पडला. ध्यानचंदांचे चिरंजीव, १९७५च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल करणारा माणूस, अकोल्यात पोरांचा खेळ बघत बसला होता. त्यांनी त्याला भोपाळच्या अकादमीत आणलं. ते तिथे गेले नसते तर?

४. मोजमाप घे, पण निकाल खेळावर दे
यो-यो चाचणी, धावण्याचा वेग, वजन हे सगळं घ्यायचंच. दम नसलेला सेंटर हाफ चौथ्या क्वार्टरमध्ये उघडा पडतो. पण आकडा दार उघडून देतो, घरात काय आहे ते सांगत नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे आपल्या सेंटर हाफसारखाच खेळ चालवणारा. तिथे संघ आळीपाळीने कॉलेजची पोरं उचलतात, आणि आधी पोरांची उंची, वेग, फेक सगळं मोजलं जातं. १९९८मध्ये पेटन मॅनिंग पहिला उचलला गेला आणि रायन लीफ दुसरा. कुणाला आधी घ्यावं यावर तेव्हा मोठा वाद होता. मॅनिंग थोर खेळाडू झाला, लीफची कारकीर्द काही हंगामांतच आटोपली. २०००मध्ये टॉम ब्रॅडीच्या आधी १९८ जण निवडले गेले. धावण्यात तो मंद, अंगाने किरकोळ. पुढे त्याने ७ वेळा सुपर बोल जिंकला. समोरचा बचाव वाचून क्षणात निर्णय घेण्याची त्याची ताकद कोणत्याही घड्याळात मावणारी नव्हती. पैसा, यंत्रं, तज्ज्ञ सगळं हाताशी असून त्यांना हे चुकतं, तर आपण किती जपून असावं!

५. निवडक चित्रफितीवर मत बनवू नको
आता प्रत्येक पोराची एक झकास चित्रफीत मोबाइलवर येते. पाच डॉज, तीन गोल, वर संगीत. आंब्याच्या पेटीचा वरचा थर बघून भाव ठरवू नये, खालचा हात घालून बघावा. अख्खा सामना माग, आणि त्यातही चौथा क्वार्टर आधी लाव. एका गोलाने मागे असताना आणि पाय जड झाले असताना तो चेंडू मागतो की लपतो, हे तिथे दिसतं. एका गोलाने पुढे असताना घाईने पुढे ढकलतो की चेंडू फिरवून वेळ काढतो, तेही तिथेच कळतं. आणि एका सामन्यावर कुणाला चढवू नको, कुणाला उतरवू नको.

६. बाकावरचा पोरगा बघायला विसरू नको
१९७५, क्वालालंपूर, विश्वचषकाचा उपांत्य सामना. मलेशिया २-१ ने पुढे आणि सामना संपत आलेला. अशा वेळी बाकावरच्या असलम शेर खानला आत पाठवलं. पेनल्टी कॉर्नर मिळाला, त्याने गळ्यातल्या ताविजाचं चुंबन घेतलं आणि बरोबरीचा गोल ठोकला. जादा वेळेत भारत ३-२ ने जिंकला, अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवून विश्वविजेता झाला. बाकावर बसलेल्या माणसाचं मन मैदानातच होतं, म्हणून हे घडलं. तेव्हा राखीव पोरं काय करतात ते बघत जा. कुणी गप्पा मारत असतं. कुणी मात्र खेळाच्या चालीबरोबर बसल्या जागी खांदे हलवत असतं, आत जाताच पहिला पास नेमका देतं. अशाचं नाव जरूर लिही.

७. दुखापत खोदून विचार, पण तिला घाबरून पोरगा सोडू नको
काय झालं, उपचार काय झाले, परतल्यावर खेळात काय बदललं, हे डॉक्टरकडून आणि प्रशिक्षकाकडून वेगवेगळं ऐक. विवेक सागरचं गळपट्टीचं हाड २०१५मध्ये मोडलं, त्यातून पुढे प्रकृतीची मोठी गुंतागुंत झाली. तेव्हा कुणी त्याच्या नावावर काट मारली असती तर? जानेवारी २०१८मध्ये, १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत, तो भारतासाठी खेळला. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमधल्या कांस्यपदक विजेत्या संघांत तो होता. परतल्यावर टॅकलला कचरतो का, तेवढं मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

८. गप्पा मारायच्या तर खेळाच्या मार
'तुझं स्वप्न काय?' असं विचारलंस तर पाठ केलेलं उत्तर मिळेल. त्याऐवजी विचार, 'तिसऱ्या क्वार्टरमध्ये तू चेंडू मागे का दिलास?' खरा सेंटर हाफ जमिनीवर बोटाने रेघा ओढून सांगेल: त्यांचा इनसाइड इथे, आमचा विंगर अजून मागे, म्हणून. सगळे जण कुठे होते हे त्याच्या डोळ्यांसमोर असतं. त्याच्या घरच्या भाषेत बोल. इंग्रजी अडखळतं म्हणून कुणाला मंद समजू नको. आईबापांशी अदबीने वाग आणि कुणाला शब्द देऊ नको.

९. संघाची गरज आणि भावाची मर्यादा आधीच ठरव
तुमचा प्रशिक्षक छोट्या पासांनी खेळ बांधणारा आहे की उंच लांब चेंडू टाकणारा? उत्तम पोरगासुद्धा चुकीच्या संघात कोमेजतो. लिलावात तर डोकं थंड लागतं. २०२४च्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाकडे ४ कोटी होते आणि २४ खेळाडू भरायचे होते. हरमनप्रीत सिंगसाठी ७८ लाख मोजले गेले, म्हणजे थैलीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्याचा पेनल्टी कॉर्नर त्या मोलाचा आहे. पण आकडा फुगत असताना आपलाही हात आपोआप वर जातो. प्रत्येक नावापुढे वरची मर्यादा घरूनच लिहून ने आणि ती ओलांडायची नाही, हे मालकांशी आधी बोलून घे.

१०. ज्याला घेतलं नाहीस त्याला कारण सांग
हा मंत्र सगळ्यांत मोठा. तू निवडशील त्याच्याहून कितीतरी जास्त पोरं नाकारशील. त्यांना नुसतं 'पुढच्या वेळी बघू' म्हणून वाटेला लावू नको. 'तुझा उलट्या स्टिकचा ट्रॅप कच्चा आहे', 'पास देऊन तू उभा राहतोस', असं एक नेमकं वाक्य त्याच्या तोंडावर, चारचौघांपासून बाजूला घेऊन, सांग. वहीत त्यांच्यासाठी वेगळी पानं ठेव, आणि वर्षभराने तो पुन्हा खेळताना दिसला की ती पानं आधी काढ. तू सांगितलेली उणीव त्याने भरून काढली असेल, तर असा पोरगा ताबडतोब उचल. शिकणारा खेळाडू कोणता, हे याहून पक्कं सांगणारी दुसरी परीक्षा मला ठाऊक नाही.