आउटबोर्ड इंजिनाचा स्पार्क प्लग : तपासणी व बदल

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुके जसे भाताचे, तसेच खाड्यांचेही आहेत. अंबा नदी नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीस मिळते. कुंडलिका रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंडा व कोर्लई यांच्या दरम्यान समुद्रास मिळते. या खाड्यांच्या काठी खारभूमीतील भातशेती व मासेमारी हे दोन्ही व्यवसाय शेजारी शेजारी चालतात. अशा कामी वापरल्या जाणाऱ्या लहान होड्यांना वल्ह्यांच्या जोडीस आउटबोर्ड इंजिन बसविण्याची सोय आता झाली आहे. मोठ्या नौकांतील डिझेल इंजिनास स्पार्क प्लग नसतो. पेट्रोलवर अथवा रॉकेलवर चालणाऱ्या आउटबोर्ड इंजिनाचे काम मात्र त्याच्या ठिणगीवाचून चालत नाही.

भरती व ओहोटी यांमध्ये साधारणपणे सव्वासहा तासांचे अंतर असते. ऐन ओहोटीत इंजिन बंद पडल्यास होडी खाडीच्या मुखाकडे ओढली जाते, किंवा चिखलात रुतून पुढील भरतीपर्यंत अडकून पडते. पकडलेली मासळी तोवर टिकत नाही, आणि उधाणाच्या दिवसांत तर जिवासही धोका असतो. सबब, होडीच्या प्रत्येक मालकाने प्लग तपासणे व बदलणे स्वतः शिकून घेणे अगत्याचे आहे.

प्लगचे कार्य

सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या इंधन व हवेच्या मिश्रणास ठिणगीने पेटविणे हे प्लगचे कार्य होय. मिनिटास ५,००० फेरे घेणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक प्लगला मिनिटास ५,००० ठिणग्या पाडाव्या लागतात. टोकाशी काजळी साचली, दोन टोकांमधील फट झिजून वाढली, किंवा चिनी मातीच्या भागास तडा गेला, की ठिणगी दुबळी होते. इंजिन सुरू होण्यास त्रास देणे, मध्येच अडखळणे व इंधन अधिक खाणे ही त्याची लक्षणे होत.

योग्य प्लगची निवड

इंजिनाच्या माहितीपुस्तकात दिलेल्या क्रमांकाचाच प्लग घ्यावा. आटे जुळतात एवढ्यावरून दुसरा प्लग बसवू नये. हा क्रमांक प्लग किती उष्णता बाहेर टाकतो हेही दर्शवितो, आणि त्याची रीत सर्व कारखान्यांची सारखी नाही. एनजीके व डेन्सो यांच्या प्लगमध्ये मोठा आकडा अधिक थंड प्लगचा असतो, तर चॅम्पियन व बॉश यांच्या प्लगमध्ये तो अधिक गरम प्लगचा असतो. म्हणून एका कारखान्याचा आकडा दुसऱ्यास लावणे चुकीचे ठरते. फटीचे मापही पुस्तकाबरहुकूम ठेवावे.

बदलण्याची रीत

१. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. हेड अॅल्युमिनियमचे असते. ते तापलेले असता प्लग जोराने फिरविल्यास आटे खराब होतात.

२. इंजिन बंद करणाऱ्या खटक्याची दोरी काढून ठेवावी. झाकण उघडून पेट्रोलची वाफ निघून जाऊ द्यावी. जवळ विडी, काडी अथवा दिवा असू नये.

३. प्लगची टोपी धरून ओढावी, तार ओढू नये. दोन सिलिंडर असल्यास एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे तारांची अदलाबदल होणार नाही.

४. प्लगभोवतीची माती व मीठ फडक्याने पुसून मगच पाना लावावा. पाना सरळ धरावा. तो कलल्यास चिनी मातीचा भाग फुटतो.

५. नव्या प्लगची फट पातीच्या गेजने मोजून घ्यावी.

६. नवा प्लग प्रथम हातानेच पूर्ण बसवावा. हाताने फिरत नसल्यास आटे तिरके लागले आहेत असे समजून पुन्हा आरंभ करावा. हाताने घट्ट झाल्यावर नव्या वॉशरच्या प्लगला पान्याने पाव ते अर्धा फेरा द्यावा. वापरलेल्या प्लगला फेऱ्याचा सुमारे बारावा हिस्सा पुरतो. अधिक जोर लावल्यास हेडचे आटे जातात, व तो खर्च प्लगच्या कित्येक पट असतो.

७. टोपी घट्ट दाबून बसवावी.

जुना प्लग काय सांगतो

काढलेला प्लग पाहिल्याविना फेकू नये. टोक फिकट तपकिरी असल्यास इंजिन ठीक चालत आहे. कोरडी काळी काजळी असल्यास इंधन अधिक जात आहे, किंवा चोक उघडण्याचे राहिले आहे. काळे व तेलकट असल्यास टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचे मिश्रण अधिक झाले आहे. फोर-स्ट्रोकमध्ये हेच लक्षण रिंगांची झीज दर्शविते, व ते काम मिस्त्रीचे होय.

टोक पांढरे पडून त्यावर फोड दिसल्यास इंजिन प्रमाणाबाहेर तापत आहे. आपल्या खाड्यांत हे लक्षण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाळाने पाणी घेण्याची जाळी तुंबते, वाळूने पंपाचा रबरी पंखा झिजतो, आणि इंजिनास थंड पाणी मिळेनासे होते. अशा वेळी नुसता प्लग बदलल्यास नवाही थोड्याच दिवसांत जळतो, आणि पुढे पिस्टन अडकतो. म्हणून निघताना दर्शक छिद्रातून पाण्याची धार येते की नाही हे पाहण्याची सवय ठेवावी.

खाडीत इंजिन बंद पडल्यास

इंजिनास हात लावण्यापूर्वी नांगर टाकावा. प्रवाहात वाहणाऱ्या होडीत शांतपणे दुरुस्ती होत नाही. नंतर टाकीतील इंधन, टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र व खटक्याची दोरी पाहावी. प्लग ओला निघाल्यास चोक उघडा ठेवावा, इंधनाची नळी सोडावी, आणि खटक्याची दोरी काढलेली ठेवून इंजिन चार-सहा वेळा दोरीने ओढावे, म्हणजे साचलेले इंधन बाहेर पडते. मग कोरडा प्लग बसवावा. यासाठी योग्य फट ठेवलेला जादा प्लग, प्लगचा पाना व कोरडे फडके ही सामग्री बंद डब्यात सदैव होडीत असावी. वल्ही मात्र घरी ठेवू नयेत.

नित्याची निगा

रॉकेलवर चालणारे इंजिन बंद करण्यापूर्वी काही वेळ पेट्रोलवर चालवावे. तसे न केल्यास आत रॉकेल राहते, आणि दुसऱ्या दिवशी प्लग ओला होऊन इंजिन सुरू होत नाही. खाडीतून परतल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुऊन काढावे. पावसाळ्यापूर्वी होडी वर ओढताना प्लग काढून पाहावा, व नव्या हंगामाचा आरंभ नव्या प्लगने करावा.

एका प्लगची किंमत एका दिवसाच्या मासळीच्या मानाने अल्प आहे. तो वेळीच बदलणे व काढलेला नीट वाचणे यातच इंजिनाचे आयुष्य व होडीतील माणसांची सुरक्षितता आहे.