कुंडीतील मांसल झाडे आणि त्यांवरील कीड



इटियाडोहच्या कालव्यावर ज्यांची धानशेती आहे, त्यांच्या घरच्या मुलांस तुडतुडा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. हिरव्यागार बांधीत मधेच एक गोल ठिगळ करपल्यासारखे दिसू लागते आणि वाकून पाहावे तो धानाच्या बुंध्याशी तपकिरी किड्यांची दाटी असते. तुडतुडा पान कुरतडीत नाही. सुईसारखी सोंड खोडात खुपसून तो आतला रस ओढतो व उभे झाड वाळवितो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे घरातील कुंड्यांवरच्या बहुतेक किडींची किल्ली हाती येते. कारण ओसरीवरील कोरफडीला किंवा खिडकीतल्या निवडुंगाला जी कीड लागते, ती बहुधा याच अर्धपंखी गणातील, म्हणजे तुडतुड्याच्याच गोतातील असते.

कोरफड, पानफुटी, निवडुंग, शेर आणि ज्यांना हल्ली रोपवाटिकेत ‘सक्युलंट’ म्हणून विकतात ती लहान लहान गुबगुबीत रोपे, ही सर्व मांसल झाडे होत. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो व ज्याच्या फुलासाठी रात्री जागतो, तेही मुळात मध्य अमेरिकेतील एक निवडुंगच आहे; खरे ब्रह्मकमळ हिमालयातले, ते निराळे. या सर्व झाडांनी आपल्या पानांत वा खोडांत पाणी साठविलेले असते. दुष्काळात तगण्याची ही त्यांची युक्ती खरी, परंतु सोंड असलेल्या किड्याला तो भरलेला रांजणच वाटतो.

यांतील मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण. पानाच्या बेचक्यात किंवा काट्यांच्या बुडाशी कापसाचा बारीक पुंजका अडकल्यासारखे दिसते. काडीने तो उचलून भिंगाखाली पाहिला, तर आत लांबट, मऊ, पिठूळ किडा सापडतो. ही मादी, तिला पंख नसतात, आणि त्या कापसात ती शेकडो अंडी घालते. पंख असलेल्या नराला तर खाण्यासाठी तोंडच नसते. तो थोडे दिवस जगून मरतो. दुसरा शत्रू म्हणजे खवले कीड. ही तपकिरी टिकलीसारखी खोडाला चिकटून बसते आणि हलत नसल्यामुळे पुष्कळांस ती कीड वाटतच नाही. नखाने खरवडून पाहावे. टिकली सुटून आली तर कीड. न सुटली तर झाडाच्या वयाने आलेली खरखरीत साल. जुन्या निवडुंगाचा बुंधा असा तपकिरी होतोच, त्यावर औषध घालणे व्यर्थ होय.

लाल कोळी हा तर किडाच नव्हे. त्यास आठ पाय असतात. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात निवडुंगाच्या शेंड्यास गंजल्यासारखे डाग पडले आणि बारीक जाळे दिसले, तर झाडाखाली पांढरा कागद धरून हलकेच टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले म्हणजे निदान झाले.

मुंग्यांकडेही लक्ष असू द्यावे. रस शोषणारे किडे जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. तो गोडवा चाटण्यास मुंग्या येतात, किड्यांची राखण करितात, आणि उरलेल्या चिकट्यावर काळी काजळी धरते. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की दोष मुंग्यांना न देता पानांची खालची बाजू तपासावी.

आता या गोताची दुसरी बाजू पाहा. पळसाच्या व कुसुमाच्या फांदीवर जी लाख तयार होते, ती देणारा किडा या खवले किडीचाच भाऊबंद आहे. पायांना लावण्याचा अळता पूर्वी त्याच्याच रंगापासून करीत. निवडुंगावर वाढणारा आणखी एक किडा आहे, कोचिनील. त्याच्यापासून किरमिजी रंग निघतो. त्याचा पांढरा पुंजका बोटाने चिरडला तर बोट रक्तासारखे लाल होते, आणि हीच त्याची खूण.

या किड्याची हिंदुस्थानातील कथा मोठी बोधप्रद आहे. १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रंगाच्या व्यापाराच्या आशेने ब्राझीलमधून हे किडे कलकत्त्यास आणले. आणला गेला तो खरा रंगाचा किडा नव्हता, त्याचा एक रानटी नातेवाईक होता. त्यामुळे व्यापार साधला नाही. परंतु त्याने निवडुंगाची एक जात एवढ्या झपाट्याने फस्त केली, की पुढे १८३६ ते १८३८ या काळात निवडुंगाच्या नाशासाठी तो मुद्दाम दक्षिणेत नेण्यात आला. नागफणी मात्र त्याने शिवलीदेखील नाही! दिसायला दोन्ही फडे निवडुंगच, पण किड्याने फरक ओळखला. अखेर १९२६ मध्ये सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, त्याच कुळातील दुसरी जात आणून सोडावी लागली. तेव्हा कोठे दक्षिण भारतातील नागफणीची रानेच्या राने ओसरली. काट्यांनी माणसाला व गुरांना अडविणारे झाड डोक्याच्या पिनेएवढ्या किड्यापुढे टिकले नाही, मग आपल्या कुंडीतील बोटभर रोपाची काय कथा?

उपाय साधे आहेत, पण चिकाटी मागतात. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचे कवच असते, त्यामुळे नुसते पाणी शिंपडले तर ते ओघळून जाते. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून तो स्पिरिटमध्ये बुडवावा आणि एकेका पुंजक्यास टेकवावा. स्पिरिटने मेण विरघळते व किडा मरतो. हे काम सायंकाळी, उन्हातून कुंडी बाजूला घेऊन आणि चुलीपासून दूर करावे, कारण स्पिरिट भडकन पेटते. आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी. कापसात दडलेली काही अंडी वाचतातच. ती आठ-दहा दिवसांत फुटतात. यासाठी दर आठवड्याला एकदा, असे निदान चार आठवडे हे काम चालवावे. पुष्कळांचा उपाय फसतो तो औषध सौम्य म्हणून नव्हे, तर पहिल्याच दिवशी झाड स्वच्छ दिसले म्हणून हात थांबतो यामुळे. कीड फार पसरली असल्यास एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून फवारावे. पानांवर पांढुरकी राख धरल्यासारखी दिसते अशा रोपांवर मात्र तेल नको. ती राख झाडाचे स्वतःचे मेण असते.

मुंग्यांसाठी आजीची युक्ती चालते. दुभत्याच्या कपाटाचे पाय जसे पाण्याच्या वाट्यांत ठेवीत, तशी कुंडीची तिवई ठेवावी. पाणी रोज बदलावे, नाहीतर डास होतील. शेणखत व युरिया यांचा हातही आखडता ठेवावा. युरिया अधिक पडलेल्या बांधीत तुडतुडा माजतो हे आपल्या वडिलांना विचारा. कुंडीतही लुसलुशीत वाढ किडीला आमंत्रण देते.

पांढरे दिसेल ते सर्व मारू नये, हेही सांगणे अवश्य आहे. काळ्या पाठीचा व नारिंगी डोक्याचा एक ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. आज नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत तो पिठ्या ढेकणावर सोडतात. त्याची अळीही पांढऱ्या झुपक्यांनी झाकलेली, अगदी ढेकणासारखी दिसते. ती मोठी असते आणि चपळ चालते. अशी अळी दिसल्यास स्पिरिटची काडी खाली ठेवावी.

पालकांस एक कळकळीची विनंती आहे. शेतासाठी आणलेल्या विषारी औषधाची उरलेली बाटली घरातील कुंडीसाठी कदापि उघडू नये. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. उघड्या शिवारात हे घडले. जेथे मुले निजतात व जेवतात त्या बंद खोलीत तेच विष एका रोपापायी फवारणे यासारखा अविचार नाही. झाड जगले नाही तर उपटून टाका, पानफुटीचे एक पान ठेवा. त्याच्या कडेला नवी रोपे फुटतीलच.

एवढे करूनही झाड कोमेजत राहिले आणि वर काही दिसत नसले, तर कुंडी उलटी करून मुळे पाहावी. मुळांवर व कुंडीच्या आतल्या बाजूस पांढरी भुकटी दिसल्यास तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण समजावा. माती टाकून द्यावी, मुळे धुवावी, झाड सावलीत चार-पाच दिवस सुकवून मग कोरड्या नव्या मातीत लावावे व आठवडाभर पाणी घालू नये. मुळे काळी, मऊ व कुबट वासाची असतील तर तेथे कीड नाही. ते अतिपाण्याने कुजणे आहे. आणि बाजारातून किंवा मैत्रिणीकडून आणलेले नवे रोप पहिले तीन आठवडे इतर कुंड्यांपासून वेगळे ठेवावे. पिठ्या ढेकूण घरात शिरतो तो बहुधा याच वाटेने.